दहावीनंतरचे विषय आणि प्रवेश परीक्षा : गोव्यातील विद्यार्थ्याने नियोजन कसे करावे

दहावीचा निकाल लागल्यापासून हायर सेकंडरीचा फॉर्म भरेपर्यंत फारसे दिवस हाती नसतात आणि त्या थोड्या दिवसांत केलेली विषयांची निवड पुढची पाच-सहा वर्षे विद्यार्थ्याच्या पाठीशी राहते. बहुतेक घरांत ही निवड टक्क्यांवरून होते. टक्के भरपूर असतील तर विज्ञान, मध्यम असतील तर वाणिज्य आणि त्याहून कमी असतील तर कला, असा हिशेब ठरलेला असतो. परंतु चुरशीच्या पदवी अभ्यासक्रमांच्या प्रवेशाचे नियम काढून वाचले, तर दहावीच्या टक्क्यांचा तेथे सहसा उल्लेखही सापडत नाही. बारावीला कोणते विषय होते, त्यांत किमान किती गुण आहेत, प्रवेश परीक्षेत क्रमांक कितवा आला आणि बारावी कोणत्या राज्यातून झाली, या चार गोष्टींवर प्रवेश ठरतो. त्यामुळे विचाराची सुरुवात शेवटाकडून करावी. आधी प्रवेशाच्या अटी पाहाव्यात आणि मग विषय ठरवावेत.

जवळची संस्था आणि राखीव जागा

गोव्यातील पालकांचा एक समज आधी दूर करणे आवश्यक आहे. संस्था गोव्यात आहे म्हणून गोवेकराला तेथे जागा सोपी, असे सरसकट नसते. आयआयटी गोवा २०१६ साली सुरू झाली आणि फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारातून चालत आली आहे. परंतु आयआयटीत कोणत्याही राज्याचा कोटा नसल्यामुळे फोंड्याच्या मुलाला आणि पाटण्याच्या मुलाला तेथे एकाच यादीतून जावे लागते. झुआरीनगरच्या, बिट्स पिलानी या खासगी विद्यापीठाच्या गोवा संकुलाचीही हीच स्थिती आहे. याउलट राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणजे एनआयटी गोवा, जी २०१० साली स्थापन झाली आणि आता कुंकळ्ळीच्या स्वतःच्या संकुलात आहे, तेथे राज्यातील विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या जागा असतात. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्या राज्याच्या प्रक्रियेतून भरल्या जातात. ज्या विद्यार्थ्याची तयारी चांगली आहे, परंतु देशातील पहिल्या काही हजारांत येण्याइतकी नाही, त्याच्यासाठी हा फरक फार मोलाचा आहे.

येथे एक तपशील नीट लक्षात ठेवावा. एनआयटीच्या राज्य कोट्यासाठी ‘आपले राज्य’ जन्मस्थानावरून किंवा रेशनकार्डावरून ठरत नाही. बारावीची परीक्षा ज्या राज्यातून उत्तीर्ण केली, ते राज्य धरले जाते. दहावीनंतर मुलाला राजस्थानातील कोटा शहरात किंवा बेळगावला ठेवून तेथूनच बारावीला बसवले, तर क्लास चांगला मिळेल, पण कुंकळ्ळीच्या राज्य कोट्यातील हक्क जाईल. वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी वास्तव्याचे दाखलेही लागतात आणि त्यांचे नियम तंत्रशिक्षण संचालनालयाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात. राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्या वर्षी कोणत्या परीक्षेचे गुण धरले जाणार आहेत, हेही त्याच पुस्तिकेत वाचावे. शेजाऱ्याच्या मुलीला तीन वर्षांपूर्वी लागू असलेला नियम आपल्याला लागू असेलच असे नाही. बाहेर जाऊन शिकू नये, असे येथे सुचवायचे नाही. मात्र काय मिळते आणि काय गमवावे लागते, याचा हिशेब करूनच जावे.

गणित ठेवावे की सोडावे

गोवा मंडळाच्या विज्ञान शाखेत भाषांबरोबर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र बहुतेक सगळेच घेतात. खरा प्रश्न उरलेल्या विषयांचा असतो. तेथे गणित, जीवशास्त्र, संगणकशास्त्र आणि काही ठिकाणी भूशास्त्र यांतून निवड करायची असते.

माझे मत स्पष्ट आहे : मुलाला गणिताचे वावडे नसेल, तर पंधराव्या वर्षी गणित सोडू नये. अभियांत्रिकी आणि आल्तिनोच्या वास्तुकला महाविद्यालयासारखे अभ्यासक्रम तर गणिताशिवाय होतच नाहीत. शिवाय राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) नौदलात किंवा हवाई दलात जायचे असेल, तर बारावीला भौतिकशास्त्राबरोबर गणितही लागते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्ससाठी सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावा लागतो, ही गोष्ट वाणिज्य आणि कला शाखेतील अनेकांना बारावी संपताना कळते, तेव्हा उपाय उरलेला नसतो. जीवशास्त्राचे दार तुलनेने उशिरापर्यंत उघडे असते. बारावीला हा विषय नसलेल्या विद्यार्थ्याने नंतर मान्यताप्राप्त मंडळातून तो अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केला, तरी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निर्णयानुसार त्याला नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देता येते. गणित दोन वर्षे सोडून पुन्हा हाती धरणे नियमाने शक्य असले, तरी प्रत्यक्षात फार थोड्यांना जमते.

मग गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवून विज्ञानाचे चारही विषय घ्यावेत का? ज्याला खरोखर दोन्हींची आवड आहे, त्याने जरूर घ्यावेत. आयसर या विज्ञान शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थांच्या प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात, त्यामुळे मूलभूत विज्ञानाकडे ओढा असलेल्या मुलाला चार विषयांचा थेट फायदा होतो. परंतु “डॉक्टर की इंजिनिअर ते नंतर बघू” एवढ्याच कारणासाठी चार विषय घेतलेले मूल बारावीच्या दिवाळीपर्यंत चारही ठिकाणी मागे पडलेले दिसते. ज्याचा वैद्यकीयचा निर्णय पक्का आहे आणि ज्याला गणितात रस नाही, त्याने ते सोडून जीवशास्त्राला वेळ द्यावा. नीट केवळ एमबीबीएससाठी नसते, हेही येथे नमूद केले पाहिजे. दंतवैद्यकासाठी, शिरोड्याच्या आयुर्वेद आणि होमिओपॅथी महाविद्यालयांसाठी, तसेच पेडण्यातील धारगळच्या आयुर्वेद संस्थेसाठी हीच परीक्षा लागते.

निर्णय होत नसेल, तर सुट्टीत एक साधा प्रयोग करून पाहावा. एनसीईआरटीचे अकरावीचे गणित आणि भौतिकशास्त्र घ्यावे, त्यातील त्रिकोणमितीचे आणि सरळ रेषेतील गतीचे प्रकरण मुलाने कोणाच्याही मदतीशिवाय वाचावे आणि शेवटची उदाहरणे सोडवावीत. किती उत्तरे बरोबर आली याला फारसे महत्त्व देऊ नये. अडलेल्या उदाहरणाकडे मूल दुसऱ्या दिवशी आपणहून परत जाते का, हे पालकांनी पाहावे. अभिरुची चाचण्यांवर पैसे खर्च करण्याआधी हे करून बघायला हरकत नाही.

वाणिज्य शाखेत गणिताचा पर्याय मिळत असेल तर तो घ्यावा; सीएच्या पहिल्या टप्प्याच्या, म्हणजे फाउंडेशनच्या, चार पेपरांपैकी एक गणित, तर्क आणि सांख्यिकीचा असतो. कायद्याच्या शिक्षणाकडे कोणत्याही शाखेतून जाता येते. पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेसाठीही शाखेची अट नसते, तेथे बारावीला इंग्रजी असणे आणि राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देणे पुरते. ज्याला हातांनी काम करण्यात गोडी आहे, त्याच्यासाठी पणजी, डिचोली किंवा कुडचडेच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याचा मार्ग आहे आणि तो कमीपणाचा नाही.

दुसरी भाषा निवडताना गुणांचा विचार करणे गैर नाही. एनआयटी आणि आयआयटीत जेईई या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेतील क्रमांकाबरोबर बारावीला ७५ टक्के गुण, किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या वीस टक्के विद्यार्थ्यांत, स्थान, अशी अट असते. अनुसूचित जाती-जमातींसाठी ती ६५ टक्के आहे. ही टक्केवारी पाच विषयांवर काढली जाते आणि त्या पाचांत एक भाषा असते. “भाषा काय, आयत्या वेळी बघू” असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

दोनच परीक्षा नेमक्या निवडाव्यात

फॉर्म सात-आठ भरले जातात, कारण प्रत्येक फॉर्म भरताना थोडा धीर येतो. तयारी मात्र एका मुख्य परीक्षेची आणि तिच्या जवळच्या दुसऱ्या एखाद्या परीक्षेचीच होऊ शकते. अभियांत्रिकीसाठी जेईई मेन मुख्य धरावी आणि तिच्या जोडीला बिट्सची स्वतःची परीक्षा बिटसॅट किंवा राज्याची प्रक्रिया ठेवावी. वैद्यकीयसाठी नीट पुरेशी आहे. जोडीला आयसर किंवा सीयूईटी घेता येते. कायद्यासाठी क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा आणि सीयूईटी यांचे जुळते.

या परीक्षांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. जेईई मेन संगणकावर होते, जानेवारी आणि एप्रिल अशी दोन सत्रांत घेतली जाते आणि दोहोंतील चांगली कामगिरी धरली जाते. तीन तासांत ७५ प्रश्न आणि ३०० गुण असे तिचे स्वरूप आहे. तिच्या निकालात येणारा ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. आपल्या सत्रातील शंभरांपैकी पंचाण्णव जण आपल्या बरोबरीचे किंवा आपल्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मेनमधून अडीच लाख विद्यार्थी आयआयटीच्या प्रवेश परीक्षेला, म्हणजे जेईई अॅडव्हान्स्डला पात्र ठरतात आणि ती परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. बिटसॅटमध्ये तीन तासांत १३० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटही मिळत नाही. शिवाय त्यांत इंग्रजी आणि तर्कशक्तीचे ३० प्रश्न येतात, ज्यांची तयारी गोव्यात फारसे कोणी करत नाही आणि जे थोड्या सरावाने सुटतात. नीट अजून कागदावर होत आली आहे : १८० प्रश्न, ७२० गुण आणि तीन तास, त्यांपैकी निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. क्लॅट बारावीच्या मध्यावर, डिसेंबरमध्ये येते. दोन तासांत १२० प्रश्न आणि तेही उताऱ्यांवर बेतलेले, त्यामुळे वाचनाची सवय नसलेल्या मुलाला ती शेवटच्या तीन महिन्यांत आवाक्यात येत नाही.

भाषेविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आपल्याकडे प्राथमिक शिक्षण मराठीतून घेतलेली मुले पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात आणि अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतूनच शिकतात. जेईई मेन आणि नीट मराठीतूनही देता येतात. पण बारावीला ‘टॉर्क’ आणि ‘फ्लक्स’ शिकलेल्या मुलाने परीक्षेत ‘बलाघूर्ण’ आणि ‘अभिवाह’ वाचत वेळ घालवू नये. प्रादेशिक भाषेतील प्रश्नपत्रिका कोणत्या राज्यांतील केंद्रांवर मिळते, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. भाषांतराविषयी शंका आल्यास इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. अॅडव्हान्स्ड तर इंग्रजी आणि हिंदीतच असते. ज्याला इंग्रजीचा धाक वाटतो, त्याने अकरावीच्या पहिल्या सत्रात भौतिकशास्त्राची उदाहरणे मोठ्याने वाचून आधी मराठीत समजून घ्यावीत आणि मग इंग्रजीतून मांडावीत. या सवयीचा मोठा उपयोग होतो.

दोन वर्षांचे नियोजन

अकरावी विश्रांतीचे वर्ष मानणे, ही आपल्याकडची जुनी आणि महागात पडणारी सवय आहे. जेईई आणि नीट या दोन्हींचा साधारण अर्धा अभ्यासक्रम अकरावीचा असतो, तर मंडळाची परीक्षा बारावीच्या विषयांवर होते. त्यामुळे अकरावी कच्ची राहिली तर बारावीत मागे वळून पाहायला वेळ मिळत नाही. अकरावीच्या प्रत्येक प्रकरणानंतर त्याच आठवड्यात मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतील त्या प्रकरणाचे प्रश्न सोडवावेत. या परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या (एनटीए) जुन्या प्रश्नपत्रिका विनामूल्य मिळतात, आणि त्या पूर्ण सोडवून झाल्याशिवाय जाडजूड संचांना हात लावू नये. नीटच्या जीवशास्त्रासाठी एनसीईआरटीचे पुस्तक ओळीओळीने, आकृत्या आणि त्यांखालील मजकुरासह वाचावे.

बारावीचे वर्ष गोव्यात लहान असते. अलीकडे मंडळाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, प्रात्यक्षिके तिच्या आधी उरकतात आणि जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीच्या उत्तरार्धात येऊन पडते. म्हणजे डिसेंबर संपण्यापूर्वी अभ्यासक्रम एकदा पुरा झालेला असला पाहिजे. त्यासाठी चवथीच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या आधीपासून मोजून ठेवाव्यात. चवथीला घरात पाहुणे असतात, आरत्या असतात, मुलाने खोलीत दार लावून बसावे अशी अपेक्षा कोणी करू नये आणि ती पुरीही होत नाही. पण विसर्जनानंतरचे उरलेले दिवस अकरावीच्या उजळणीला द्यावेत. मार्चच्या सुरुवातीला मंडळाची परीक्षा संपते, आणि येथे गोव्याच्या विद्यार्थ्याला चांगली संधी मिळते : एप्रिलच्या मेनपर्यंत आणि मेच्या पहिल्या रविवारच्या सुमारास होणाऱ्या नीटपर्यंत सलग, मोकळे आठवडे हाती असतात. शिगमो बघायला एक संध्याकाळ जरूर जावे. बाकीचे दिवस पूर्ण वेळेच्या सराव पेपरांसाठी राखावेत, आणि ते पेपर खऱ्या परीक्षेच्याच वेळी सोडवावेत. नीट दुपारी असते, म्हणून जेवणानंतर डुलकी काढायची सवय त्या आठवड्यांत मोडावी.

क्लास लावावा का, याचे एकच उत्तर नाही. सत्तरीच्या किंवा काणकोणच्या मुलाला क्लाससाठी रोज पणजी किंवा मडगाव गाठावे लागत असेल, तर येण्याजाण्यात जाणारे तास आणि त्यानंतरचा थकवा यांचा हिशेब आधी करावा. अशा मुलाने आठवड्याच्या शेवटी शिकवणी आणि इतर दिवशी घरी अभ्यास, असा मार्ग घेतला तर नुकसान होत नाही. हायर सेकंडरीतील शिक्षकांना वर्गानंतर शंका विचारण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ मोडली आहे. ती ज्याने पाळली, त्याचे अर्धे काम फुकटात होते.

सराव पेपर कसा तपासावा

सराव पेपर सोडवण्यापेक्षा तो तपासण्यात अधिक शिकायला मिळते, आणि नेमके तेच टाळले जाते. समजा, मेनच्या सराव पेपरात ७५ पैकी ६० प्रश्न सोडवले, ३८ बरोबर आले आणि २२ चुकले. बरोबर उत्तराचे चार आणि चुकीला एक वजा धरल्यास गुण १३० होतात. बहुतेक मुले येथेच थांबतात. त्यापुढे जाऊन एका वहीत त्या २२ चुका तीन रकान्यांत लिहाव्यात : संकल्पनाच माहीत नव्हती, माहीत होती पण आकडेमोड चुकली, आणि प्रश्नच नीट वाचला नाही. “प्र. १७, धारित्र, समांतर जोडणी, एकक मायक्रोफॅरड असताना नॅनो धरले” अशी नेमकी नोंद असावी, “भौतिकशास्त्र कच्चे” अशी मोघम नोंद काही उपयोगाची नाही. असे चार-पाच पेपर झाले की कोणता रकाना भरत चालला आहे हे दिसू लागते, आणि अनेकांच्या बाबतीत तो दुसरा किंवा तिसरा असतो. त्यावर नवी पुस्तके घेण्याचा उपाय चालत नाही.

अंदाजाने उत्तर द्यावे का, हाही प्रश्न गणिताने सोडवता येतो. चार पर्याय, बरोबरला चार आणि चुकीला वजा एक, अशा पद्धतीत डोळे मिटून दिलेल्या उत्तराला सरासरी पाव गुण मिळतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर तीच सरासरी दोन-तृतीयांश गुणावर जाते. बिटसॅटमध्ये बरोबरला तीन आणि चुकीला वजा एक असल्यामुळे निव्वळ अंदाजाचा हिशेब शून्यावर येतो. संख्येत उत्तर द्यायच्या प्रश्नांत मात्र अंदाज लागण्याची शक्यता जवळपास नसते आणि मेनमध्ये त्यांनाही आता वजा गुण आहेत, त्यामुळे ते प्रश्न खात्री नसल्यास सोडून द्यावेत.

फॉर्म, दाखले आणि पसंतीक्रम

फॉर्म विद्यार्थ्याने स्वतः भरावा आणि पालकांनी शेजारी बसून आधारकार्ड, दहावीची गुणपत्रिका आणि फॉर्म यांतील नावाचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक फॉर्मवर टाकू नये, कारण पुढचे ओटीपी तिकडे जातात आणि काउन्सेलिंगच्या, म्हणजे प्रवेशफेऱ्यांच्या, दिवसांत तो नेमका फोन उचलत नाही.

आरक्षणाचे दाखले हा वेगळा विषय आहे. केंद्रीय संस्थांत ओबीसींसाठी २७, अनुसूचित जातींसाठी १५, अनुसूचित जमातींसाठी साडेसात आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा असतात. गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप समाज अनुसूचित जमातींत मोडतात, तेव्हा त्या घरांतील मुलांनी हा हक्क आवर्जून वापरावा. ओबीसी दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात आणि प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिलनंतर काढलेला लागतो; राज्याच्या कामासाठी काढलेला जुना कागद तेथे चालत नाही. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात कचेरीत अर्ज द्यावा, जूनमध्ये तेथे मोठी गर्दी उसळते.

आयआयटी आणि एनआयटीतील जागांचे एकत्रित वाटप करणाऱ्या जोसाच्या प्रक्रियेत संस्था आणि शाखांचा पसंतीक्रम भरताना “एवढे कुठे मिळणार” म्हणून वरच्या जागा वगळू नयेत. आपल्या क्रमांकावर यादीतील जी सर्वांत वरची जागा मिळू शकते तीच दिली जाते, त्यामुळे अवघड जागा वर लिहिल्याने खालच्या जागेची संधी कमी होत नाही. यादी निव्वळ आवडीच्या क्रमाने करावी आणि जेथे जायचेच नाही, ती जागा यादीत घालू नये. पहिल्या फेरीत जागा मिळाली आणि तिच्यावर समाधान असेल, तर फ्रीझ निवडावे. त्याच संस्थेत चांगल्या शाखेची आशा असेल तर स्लाइड, आणि वरची कोणतीही जागा हवी असेल तर फ्लोट. तिन्ही पर्यायांत शुल्क भरणे आणि कागदपत्रे मुदतीत चढवणे सक्तीचे आहे. मुदत चुकली तर जागा जाते आणि त्या प्रक्रियेतून विद्यार्थी बाहेर पडतो. म्हणून त्या आठवड्यांत संकेतस्थळ रोज सकाळ-संध्याकाळ पाहण्याचे काम घरातील एका व्यक्तीकडे सोपवून ठेवावे.